टेलचं चित्र

दत्तू, भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच. शाळेपासूनची. मी तावातावाने बोलत असायचो आणि तू "थांब, बैलांना पाणी दाखवून येतो" म्हणून जो सटकायचास, तो दुसऱ्या दिवशी भलताच विषय घेऊन यायचास. या वेळीही तेच केलंस. बारीच्या घाटात जीप उलटली आणि तू गेलास. आता मी कोणाशी भांडू? तुझ्या फोटोला हार घातलाय. फोटोशी भांडलो तर लोक मला वेड्यात काढतील. म्हणून हे लिहायला बसलोय.

लोक तुझ्याविषयी फार चांगलं बोलतायत. "दत्तूनं राजूरला जग दावलं," असं परवा चहाच्या टपरीवर एकजण म्हणत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मिलिंद, तू तर त्याचा उजवा हात व्हतास." मी मान हलवली आणि चहा तसाच ठेवून उठलो. गेलेल्या माणसाबद्दल चारचौघांत वाकडं बोलायचं नसतं, हे मलाही कळतं. पण तू मला फसवलंस, दत्तू. ते तुला तोंडावर पुरतं सांगायचं राहून गेलं.

आठवतं ना, आपण नाशिकला पहिली डिश आणायला गेलो होतो? तुझ्या घरावर स्लॅब होता, माझ्याकडे आयटीआयचं इलेक्ट्रॉनिक्सचं सर्टिफिकेट होतं, आणि अक्कल दोघांत मिळून एकाचीच होती. दुकानदार शब्दांवर शब्द फेकत होता. एलएनबी, मॉड्युलेटर, अॅम्प्लिफायर, स्प्लिटर, अटेन्युएशन. आयटीआय करूनही मला त्यातलं निम्मंच कळत होतं. तू मात्र असा मान डोलवत होतास, जणू जन्मभर हाच धंदा केलाय. येताना एसटीत घोटीच्या पुढे तू एकदम माझ्या मांडीवर थाप मारलीस.

"मिल्या, हे समदं आपल्या रानासारखंच हाय की! सिग्नल म्हंजी पानी. जाड केबल म्हंजी पाट. घराघरात वायर जाती ते दारं. आन ती अॅम्प्लि का फॅम्प्लि, ती मोटार."

"आणि अटेन्युएशन?"

"लांबवर जाता जाता पानी मुरतं ना? झिरप ती."

राजूर येईपर्यंत आपली सगळी विद्या मराठीत झाली होती. प्रत्येक चॅनेलला आपली आपली फ्रिक्वेन्सी असते, तिला तू 'वाफा' म्हणालास. एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात गेलं की दोन चित्रं एकमेकांवर चढतात. मोटार सिग्नल वर चढवते, पण सोबत गाळही चढवते, म्हणून पाहिजे तिथे मोटारी बसवत सुटायचं नाही, हे मी सांगितलं. तू म्हणालास, "हां, हे बरोबर. नदीला गढूळ पानी आलं की आमची मोटारबी चिखलच वढती." माझ्या मास्तरांनी मला जे वर्षभरात शिकवलं नव्हतं, ते आपण त्या खडखडत्या एसटीत एकमेकांना शिकवलं. हे मी विसरणार नाही. रागातही विसरणार नाही.

आणि टेल. केबलचं शेवटचं टोक, म्हणजे टेल. हा शब्द मात्र तुला शोधावा लागला नाही. तुझ्या वडिलांचं रान प्रवरेवरच्या उपसा पाइपलाइनीच्या टेलला होतं. लहानपणी तू त्यांच्याबरोबर बांधावर बसून पाण्याची वाट पाहायचास. वरच्यांचं भिजून झाल्याशिवाय तुमच्याकडे थेंब यायचा नाही, आणि यायचा तेव्हा वीज जायची. भंडारदऱ्याचं धरण आपल्या उशाशी असून आपली रानं कोरडी, हे बोलताना तुझ्या वडिलांचा आवाज कसा चढायचा ते मीही ऐकलंय. म्हणूनच पहिला खांब रोवताना तू म्हणालास, "आपल्या लायनीत आधी टेल. टेलला चित्र आलं तरच आलं."

आपल्या लाईनीची टेल म्हणजे ओढ्यापलीकडची आमची बौद्धवस्ती. आणि वस्तीतलंही शेवटचं घर म्हणजे माझं.

तुझ्या गच्चीखालच्या खोलीत आपण कंट्रोल रूम केली. तिथल्या टीव्हीवर चित्र चांगलं दिसणारच, त्यात काय मोठंसं! खरी परीक्षा टेलला. तू गच्चीवर डिश हलवणार, मी खांबावर, आणि माझी आई घरात टीव्हीसमोर. पडद्यावर मुंग्या असल्या की ती गप्प. चित्र स्वच्छ झालं की ती दारात येऊन हाळी द्यायची, "दत्तू, मुंग्या गेल्या रे!" तिचा आवाज ओढ्यापर्यंतच पोचायचा. तिथे धुणं धुणारी कोणी असेल ती पुढे ओरडायची. मग पिठाच्या गिरणीवरचा, मग शाळेच्या वळणावरचं दुकान, मग तुमची आळी. असं करत करत ती हाळी तुझ्या गच्चीला पोचायची. शेवटचा माणूस कोणीही असो, शब्द तेच असायचे. मग तू गच्चीवरच्या लोखंडी टाकीवर काठीचे दोन ठोके द्यायचास, निरोपाची पोच म्हणून. मिळालं. तो आवाज मात्र थेट आईपर्यंत यायचा. ठोके ऐकल्याशिवाय ती दारातून हलायची नाही.

आमच्या वस्तीत पहिल्यांदा चित्र आलं त्या दिवशी तू घरी जेवलास. आईने नागलीची भाकरी आणि खेकड्यांचं कालवण केलं होतं. तू ताट चाटूनपुसून खाल्लंस आणि वर म्हणालास, "मावशी, कालवनात मीठ कमी हाय, पन चित्र झकास हाय." तिने तुला लाटणं दाखवलं. तुझ्या चुलत्यांना हे कळल्यावर ते तुला काय बोलले, ते तू मला कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. तुला जड जायला नको म्हणून.

तुझ्या चुलत्यांचा तसा रागच होता आपल्या पद्धतीवर. टेलला चित्र पोचवायचं तर पाटात पाणी जोरात सोडावं लागतं. मग तोंडाशी असलेल्या घरांना ते जास्त होतं, पडद्यावर आडव्या लाटा यायला लागतात. त्याला उपाय सोपा. त्या घरांच्या वायरीला एक छोटं बूच लावायचं, जोर कमी होतो, चित्र निवळतं. पण चुलते बूच दिसलं की भडकायचे. "तिकडं त्यांला चित्र दिसावं म्हनून माज्या घराला बूच? ही कुठली तऱ्हा?" तू हसून वेळ मारून न्यायचास. मला वाटायचं, दत्तू पाठीशी आहे तोवर चिंता नाही. किती खुळा होतो मी!

मग डिजिटलचं वारं आलं. चॅनेलवाले एकेक करून डिजिटलवर जायला लागले, साध्या रिसीव्हरवर चित्र दिसेना. नाशिकला चार दिवसांचा वर्ग निघाला. तू म्हणालास, "मिल्या, इंग्रजी तुला जमतं. तू जा. शिकून ये, मग आपन दोघं मिळून नावं ठेवू." तुझ्या त्या वाक्यावर मी इतका खूश झालो की एसटीत बसल्या बसल्या वहीची पानं आखायला लागलो.

त्या वर्गात मी अधाशासारखा बसलो होतो. डिजिटलमध्ये चित्राचे आकडे करतात, आणि ते आकडे दाबून इतके लहान करतात की जिथे एक चॅनेल मावायचं तिथे कितीतरी मावतात. एकाच वाफ्यात दहा पिकं! हे तुला कसं सांगायचं, याचाच विचार करत होतो. बँडविड्थ म्हणजे पाटाची रुंदी, हे नाव तर वर्गातच ठरवून टाकलं. शेवटच्या दिवशी शिकवणारे म्हणाले की पुढे याच केबलमधून घराकडून माघारीही सिग्नल जाणार, घर कंट्रोल रूमशी बोलणार, त्याला रिटर्न पाथ म्हणतात. सगळे आ वासून बघत होते. मला मात्र हसू आवरेना. म्हटलं, आमच्या राजुरात हे कधीपासून चालू आहे. माझी आई ओरडते आणि दत्तूला कळतं.

आणखी एक गोष्ट तिथे शिकलो. डिजिटलला मुंग्या नसतात. आपल्या जुन्या चित्रात सिग्नल कमी झाला की आधी थोड्या मुंग्या येतात, मग जास्त येतात, माणसाला सावध व्हायला वेळ मिळतो. डिजिटलमध्ये तसं नाही. चित्र शेवटपर्यंत लख्ख असतं आणि एका क्षणी जातं. मध्ये काही नाही. हे मी वहीत लिहून घेतलं, आणि तेव्हा त्यावरून तू मला आठवला नव्हतास.

परत आलो तर आई टीव्हीसमोर बसली होती. पडदाभर मुंग्या आणि खरखर. मी म्हटलं, "अगं, बंद तरी कर."

"बंद केली तर चित्र आल्यालं कळायचं न्हाई," ती म्हणाली. "तू गेल्यापासनं असंच हाय. म्या हाळी दिऊन बघितली, दत्तूला. कोन पुढंच वरडंना."

मी तसाच ओढ्यापर्यंत गेलो. शेवटच्या खांबावरची मोटार काढलेली होती. केबल कापून तिच्या टोकाला नीट चिकटपट्टी गुंडाळली होती. ती गुंडाळायची पद्धत तुझी, दत्तू. उलट्या हाताने, शेवटी एक पीळ देऊन. दुसऱ्या कोणी कापली असती तर मी त्याच्याशी भांडायला तुलाच बोलवायला आलो असतो.

तू कंट्रोल रूममध्ये नव्या डिजिटल रिसीव्हरांपुढे बसला होतास. तालुक्याच्या गावातल्या एका केबल कंपनीने ते आणून बसवले होते; तिथून पुढे घराघरात चित्र जायचं ते जुन्याच पद्धतीने. माझ्यामागे करार केलास. कंपनीने गावाचा नकाशा काढला आणि त्यात ओढा ही हद्द धरली. चुलते शेजारी खुर्चीवर होते. तू माझ्याकडे न बघता बोलायला लागलास. "मिलिंद, चॅनेलं वाढली. वरच्या फ्रिक्वेन्सीला अटेन्युएशन लई येतं. तुमच्या वस्तीपतूर लेव्हल बसत न्हाई."

मिलिंद. मिल्या नाही. अटेन्युएशन. झिरप नाही. तुमची वस्ती. टेल नाही.

तू बोललास त्यात चूक काहीच नव्हतं. वरच्या वाफ्यांना झिरप जास्त असते, मीच तुला शिकवलंय. पण त्याला उपायही तुला ठाऊक होता. आणखी एक मोटार, आणि तोंडाच्या घरांना बुचं. एवढंच! मी म्हटलं, "झिरपेवर मोटार लावतात, दत्तू, पाट कापत नाहीत." तू चुलत्यांकडे पाहिलंस. मग म्हणालास, "दिवाळीनंतर वढू लाईन." आणि मी आणखी बोलायला तोंड उघडलं तर उठलासच. "थांब, बैलांना पानी दावून येतो." दत्तू, तुझे बैल विकून तेव्हा कितीतरी काळ झाला होता.

मी तिथे उभा राहिलो. चुलते म्हणाले, "आता कशाला उभा हायेस?" मग मी निघालो.

मला चीड कशाची येते, सांगू? जातीवरून माझा अपमान करणारे मला नवे नाहीत. त्यांच्या मुंग्या लांबून दिसतात. माणूस अंग चोरून घेतो, तोंड फिरवतो, पाणी वरून ओततो, आपण वेळीच सावध होतो. तुझ्यात मला कधी एक मुंगी दिसली नाही. नाशिकला जाताना एसटीच्या खिडकीतून मला शेंगांचा पुडा देताना तुझा चेहरा लख्ख होता. तेव्हा तुझं सगळं ठरलेलं होतं. तू मला शिकायला पाठवलं नव्हतंस, बाजूला केलं होतंस.

दिवाळी गेली. लाईन आली नाही. मी संगमनेरला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात जायला लागलो. शनिवारी घरी आलो की आई मुंग्यांसमोर बसलेली असायची. वस्तीतल्या बाकीच्यांनी कधीच टीव्हीवर कापड टाकलं होतं. मी चिडायचो. ती म्हणायची, "त्याला काय तरी नड असंल. दत्तू तसा न्हाई." तुझी बाजू इतक्या निष्ठेने घेणारं या गावात दुसरं कोणी नसेल. तू तिला तोंड दाखवायला एकदाही आला नाहीस.

शेवटचा तू मला बाजारात दिसलास. मी मिरच्या घेत होतो, तू पलीकडे जीपपाशी उभा होतास. हात वर केलास. काहीतरी म्हणालासही. बाजाराच्या गलक्यात ऐकू आलं नाही, आणि ऐकायला मी पुढे आलो नाही. मान फिरवली. त्याची मला लाज वाटत नाही, राग तेवढा होताच. पण रात्रंदिवस डोकं त्याच्याभोवती फिरतं. काय म्हणाला असशील? "मिल्या, ये की"? की नुसतं "कसा हायेस"? की "टेलला..." जाऊ दे. तुझ्या तोंडात चांगले शब्द घालून स्वतःची समजूत काढायची, एवढा मी अजून मऊ झालेलो नाही.

तुझा तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी वावटळ सुटली. तुझी डिश फिरली. सगळ्या गावाचं चित्र गेलं. कंपनीचा माणूस येतो येतो म्हणत आलाच नाही. चौथ्या दिवशी तुझ्या घरून वहिनींनी मला निरोप पाठवला. मी जाणार नव्हतो. आई म्हणाली, "ती पोर काय तुज्याशी भांडली व्हती का?" मग गेलो.

वहिनी दारात उभ्या होत्या. कपाळ मोकळं. मला खाली बघावं लागलं. मी म्हटलं, "वहिनी, करतो. पण मला एकच पद्धत येते. आधी टेल."

चुलते ओट्यावरून म्हणाले, "कंपनीला इचारल्याबिगर तसं करता यायचं न्हाई."

"चित्र गेलं तवा कंपनी आली का?" वहिनी मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या. "आन तुमच्या घराला बूच बसतंय ना, तर बसू द्या. भावजी, तुमी करा."

कंट्रोल रूमच्या फळीवर आमच्या खांबावरची मोटार होती. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, दोऱ्याने बांधलेली, पिशवीवर धूळ आणि आतली मोटार नवी असल्यासारखी. शेजारी तेवढ्याच लांबीची केबल वेटोळं करून ठेवली होती. वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी कुनाला हात लावू दिला न्हाई तिला. परत बसवायची हाय म्हनायचे." असेल. खरंच बसवायची असेल. पण दत्तू, ती पिशवी महिनोन्‌महिने फळीवर राहिली आणि माझी आई महिनोन्‌महिने खरखर ऐकत बसली. तुझ्या मनात काय होतं त्याने पडद्यावर चित्र येत नाही. म्हणून पिशवी बघून मी तुला माफ केलं, असं समजू नकोस. दोरा मात्र मी तोडला नाही, तुझी गाठ नखाने सोडवली, तेवढं खरं आहे.

आधी खांबावर चढलो. तुझी चिकटपट्टी सोडवली, मोटार बसवली, केबल जोडली. घरी जाऊन आईला म्हटलं, "टीव्ही लाव आणि बघत बस." ती म्हणाली, "लावल्यालीच हाय." मग मागे येत गिरणीवर, शाळेच्या वळणावर, तुमच्या आळीत सांगत आलो, की हाळी येईल, पुढे द्या. चुलत्यांच्या वायरीला बूच मी स्वतःच्या हाताने लावलं. ते बघत उभे होते.

मग तुझ्या गच्चीवर चढलो. इतकी वर्षं मी खांबावरचा माणूस. तुझ्या जागी मी कधी उभाच राहिलो नव्हतो. तिथून आमची वस्ती किती जवळ दिसते रे! ओढा तर दिसतही नाही, नुसती झाडी दिसते. तुला रोज हे दिसत होतं. मी डिशचे नट सैल केले आणि तिला केसाकेसाने फिरवायला लागलो. खालून वहिनी सांगत होत्या, हितं आलं, हितं झकास आलं. मी म्हटलं, हितल्याचं नका सांगू. पुन्हा फिरवली. थांबलो. थोडी आणखी.

आणि लांबून आवाज आला. आधी नीट कळला नाही. मग गिरणीवरून आला. मग शाळेच्या वळणावरून. मग तुमच्या आळीतल्या एका बाईने माडीवरून मान वर करून, पूर्वी द्यायची तशीच, शब्दही न बदलता हाळी दिली.

"दत्तू, मुंग्या गेल्या रे!"

आई सवयीने बोलून गेली असणार. बाकीच्यांनी ऐकलं तसंच पुढे पाठवलं. वाटेत कोणी नाव बदललं नाही. खाली वहिनींचा हुंदका ऐकू आला. चुलते ओट्यावरून उठून आत गेले. मी नट आवळले.

काठी टाकीशेजारीच ठेवलेली होती, तुझ्या हाताने गुळगुळीत झालेली. मी ती उचलली आणि परत ठेवली. ज्याला हाक मारली होती, ठोके त्याने द्यायचे होते. आई अजून दारात उभी होती, दत्तू. मला गच्चीवरून तिचं लुगडं दिसत होतं.